वाजीकरण: शास्त्र, बाजार आणि रुग्ण – पुरुषांच्या कामस्वास्थ्यावरील ग्रंथाची प्रस्तावना

१

आयुर्वेदाची आठ अंगे वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त काय, बाल, ग्रह, ऊर्ध्वांग, शल्य, दंष्ट्रा, जरा आणि वृष अशा क्रमाने मोजली आहेत; त्यांतले शेवटचे वृष म्हणजेच वाजीकरण, अर्थात पुरुषाची मैथुनशक्ती, शुक्रधातूची गुणवत्ता आणि अपत्योत्पादनाची क्षमता यांचा विचार करणारे अंग होय. संहिताकारांनी शेवटी ठेवलेले हे अंग आजच्या बाजारात मात्र सर्वांच्या पुढे उभे आहे. लोहमार्गालगतच्या रंगवलेल्या भिंतींपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत आयुर्वेदाच्या नावाने जी आश्वासने दिली जातात, त्यांत पुरुषांच्या 'गुप्त' तक्रारींवरील उपायांचा भरणा कोणाच्याही नजरेत यावा इतका मोठा आहे. आणि ज्या शास्त्राचा हवाला देऊन हा व्यवहार चालतो त्या शास्त्राने या तक्रारींविषयी नेमके काय सांगितले आहे, कोणत्या अटी घातल्या आहेत आणि कोठे हात टेकले आहेत, याची माहिती एरवी चोखंदळ असणाऱ्या मराठी वाचकालाही सहसा नसते. प्रस्तुत ग्रंथ ही माहिती एकत्र मांडण्यासाठी आणि तिची आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर पारख करण्यासाठी सिद्ध झाला आहे.

ग्रंथातील विवेचन बेंगळुरू शहराभोवती गुंफलेले आहे, याचे कारण असे की, आयुर्वेदातील या अंगाची आजची जवळजवळ सर्व रूपे या एका शहरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. १९३० साली डेहराडून येथे स्थापन झालेल्या हिमालय ड्रग कंपनीने १९७५ साली बेंगळुरूजवळ माकळी येथे कारखाना उभारला, आणि 'स्पेमन' व 'टेन्टेक्स फोर्ट' ही पुरुषांसाठीची तिची औषधे देशभरातील औषधविक्रेत्यांच्या फळ्यांवर पोहोचली. मॅजेस्टिकजवळच्या धन्वंतरी रस्त्यावर सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत कर्नाटकातील आयुर्वेद महाविद्यालये येतात. येलहंक्याकडील बाजूस १९९३ पासून देशी वनौषधी आणि स्थानिक वैद्यपरंपरा यांच्या संवर्धनाचे काम करणारे प्रतिष्ठान आहे. आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात देशात अग्रगण्य ठरलेल्या 'निम्हान्स' या संस्थेच्या आवारात आयुर्वेदाचे संशोधन केंद्रही आहे. याच शहराच्या बाह्यवळण रस्त्यांवर जडीबुटीचे तंबूही उभे राहतात आणि त्यांच्या फलकांवर 'मर्दानी कमजोरी' हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात. प्रयोगशाळा, महाविद्यालय, कारखाना आणि तंबू या चौघांचाही दावा एकाच परंपरेवर आहे, आणि त्या दाव्यांचे वजन सारखे नाही, हे दाखवून देणे हा या ग्रंथाचा मुख्य उद्देश आहे.

मराठी वाचकाशी या शहराचा संबंध जुना आहे. आदिलशाहीकडून १६३८ साली शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून येथे मराठी वस्ती आहे, आणि गेल्या काही दशकांत संगणक-उद्योगाच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे येणाऱ्या तरुणांनी तिच्यात मोठी भर घातली आहे. घरापासून दूर राहणारा, रात्रपाळी करणारा, विवाहाच्या उंबरठ्यावर असलेला किंवा नुकताच विवाहित असा हा तरुण आपली अडचण वडीलधाऱ्यांना सांगू शकत नाही, ओळखीच्या डॉक्टरकडे जाण्यास संकोचतो आणि पुष्कळदा थेट जाहिरातीच्या हाती सापडतो. त्यामुळे विषय सर्वत्र सारखाच असला तरी त्याची निकड अशा शहरात अधिक तीव्रतेने जाणवते.

२

वाजीकरणाचा पहिला सविस्तर विचार चरकसंहितेत सापडतो. तिच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा, म्हणजे धातूंचे पोषण करून आयुष्य व बल टिकवणाऱ्या उपायांचा आहे, आणि दुसरा अध्याय वाजीकरणाचा असून त्याचे चार पाद आहेत. ज्वरापासून सुरू होणाऱ्या रोगचिकित्सेच्या आधी हे दोन अध्याय ठेवण्यात चरकाची दृष्टी स्पष्ट होते: निरोगी माणसाचे स्वास्थ्य उंचावणारे उपाय ते हे, आणि रोग्याचा रोग हटवणारे उपाय त्यांहून निराळे. जननेंद्रियांशी संबंधित प्रत्यक्ष व्याधींचा विचार चरकाने बऱ्याच पुढे, त्याच स्थानाच्या तिसाव्या अध्यायात, स्त्रियांच्या योनिव्यापदांबरोबर केला आहे. शुक्राचे आठ दोष आणि क्लैब्याचे चार प्रकार तेथे येतात. क्लैब्य म्हणजे मैथुनास असमर्थ असण्याची अवस्था. ती बीजाच्या दोषामुळे, शिश्नाच्या विकारामुळे, वार्धक्यामुळे किंवा शुक्रक्षयामुळे येते असे हे वर्गीकरण सांगते. स्वस्थ माणसाचे बल वाढवणे आणि व्याधिताची चिकित्सा करणे यांत चरकाने राखलेले हे अंतर आजच्या जाहिरातीने पुसून टाकले आहे, कारण तिच्या लेखी प्रत्येक पुरुष आधीच रुग्ण असतो.

शुक्राचा क्षय कशाने होतो याची चरकाने दिलेली कारणे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. जरा, चिंता, व्याधी, अतिश्रमाने येणारी कृशता, उपवास आणि अतिमैथुन अशी ती कारणे आहेत. त्यालाच लागून, पुरुष मैथुनास असमर्थ का होतो हे सांगताना भय, शोक, परस्परांवरील विश्वासाचा अभाव, जोडीदाराविषयीची अप्रीती अशा मनोव्यापारांचाही उल्लेख येतो. यादीतील अतिमैथुन तेवढे लोकांच्या लक्षात राहिले आणि चिंता, व्याधी, उपासमार ही कारणे विस्मरणात गेली, याचा परिणाम पुढील काळातील समजुतींवर फार खोल झाला. सुश्रुताने क्लैब्याचे सहा प्रकार मानले असून त्यांतला पहिलाच मानस आहे. उरलेल्यांत आहारदोषाने होणारा, शुक्रक्षयाने होणारा, शिश्नरोगाने किंवा मर्माच्या छेदाने होणारा, जन्मजात आणि दीर्घ निरोधाने होणारा असे प्रकार येतात. जन्मजात आणि मर्मच्छेदाने आलेले क्लैब्य असाध्य आहे, असेही सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे. सर्व तक्रारींवर हमखास इलाज असल्याचे सांगणारा विक्रेता सुश्रुताचे नाव घेतो तेव्हा हा भाग तो वगळतो.

औषध देण्यापूर्वीच्या अटींविषयी संहिता तितक्याच काटेकोर आहेत. वाजीकरणाचे योग, म्हणजे औषधी कल्प, घेण्याआधी स्नेहन, स्वेदन आणि शोधन यांनी शरीर शुद्ध केलेले असले पाहिजे, कारण मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही त्याप्रमाणे दोषयुक्त शरीरावर असे योग काम करीत नाहीत, असे चरकाचे म्हणणे आहे. सोळा वर्षांच्या आतील आणि सत्तर वर्षांपुढील पुरुषाने मैथुन करू नये अशी वयोमर्यादा आहे. आणि औषधाचा अधिकारी संयमी पुरुष असावा अशी अपेक्षा आहे. व्याधीच्या चिकित्सेतही थेट शक्तिवर्धकावर उडी नाही. विरेचन आणि बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिले जाणारे काढे व तेले, यांना त्यात प्रमुख स्थान आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या शरीराच्या तीन आधारांचा विचार सोडून शुक्राचा विचार होऊ शकत नाही, ही भूमिका संहितांमध्ये सर्वत्र दिसते. येथे ब्रह्मचर्याचा अर्थ गृहस्थासाठी कामाचा संयमित उपभोग असाही घेतला गेला आहे.

या ग्रंथांची मर्यादाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. वाजीकरणाचे उद्दिष्ट म्हणून संहिता सर्वाधिक भर अपत्यावर देतात, आणि त्यांच्यापुढे असलेला पुरुष पुष्कळदा सधन, अनेक स्त्रिया असलेला आणि दूध, तूप, मांसरस यांची ददात नसलेला असतो. स्त्री तेथे कामनेचा विषय आणि संततीचे साधन म्हणून येते. तिच्या इच्छेचा, सुखाचा किंवा नकाराचा विचार वाजीकरणाच्या अध्यायात जवळजवळ नाही. योगांमध्ये चिमणी, हंस, मोर आदी पक्ष्यांची अंडी आणि मगरीचे शुक्र यांसारखे पदार्थ येतात, ज्यांपैकी कित्येकांचा वापर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कल्पनेतही आणता येणार नाही. परंपरेकडे आदराने पाहणाऱ्यानेही ती एका विशिष्ट समाजात घडली हे लक्षात ठेवले पाहिजे.

३

संहिताकाळानंतर या विषयाचे चार प्रवाह झाले. पहिला प्रवाह टीकाकारांचा आणि संग्रहकारांचा. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानाच्या शेवटच्या अध्यायात वाजीकरण मांडले, आणि या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्यांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री होता. त्याची 'आयुर्वेदरसायन' ही टीका तेराव्या शतकातील महाराष्ट्राची या परंपरेला मिळालेली मोठी देणगी आहे. संग्रहकार शार्ङ्गधराने याच विषयाला नेटके वर्गीकरण दिले: कामेच्छा वाढवणारी द्रव्ये वेगळी, शुक्राची वाढ करणारी वेगळी, शुक्राचे प्रवर्तन करणारी वेगळी आणि त्याचे स्तंभन करणारी वेगळी. अश्वगंधा, मुसळी आणि शतावरी त्याने शुक्रवर्धकांत घातल्या, जायफळ स्तंभकांत, आणि हिरडा शुक्र शोषून घेणाऱ्यांत. वीर्यस्खलन लवकर होणे, इच्छा मंदावणे, ताठरता न येणे आणि शुक्राणू कमी असणे या आज स्वतंत्र मानल्या जाणाऱ्या चार तक्रारींना एकच चूर्ण लागू पडते, हा बाजारातील समज या वर्गीकरणाशी मुळीच जुळत नाही.

दुसरा प्रवाह रसशास्त्राचा, म्हणजे पारद, धातू आणि खनिजे यांच्यावर संस्कार करून औषधे बनवण्याच्या विद्येचा. मकरध्वज, वंगभस्म म्हणजे कथलाचे भस्म, आणि शिलाजीत यांना वाजीकरणाच्या क्षेत्रात जी प्रतिष्ठा मिळाली ती या प्रवाहामुळे. थोड्या मात्रेत लवकर गुण देण्याचा या औषधांचा लौकिक होता, आणि शोधन-मारणाची म्हणजे शुद्धी व भस्मीकरणाची प्रक्रिया चुकल्यास अपायही तितकाच लवकर होतो, याची जाणीव जुन्या रसवैद्यांना होती. तिसरा प्रवाह कामशास्त्राचा. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे शेवटचे अधिकरण औषधी उपायांना वाहिलेले आहे, आणि कोक्कोकाचे 'रतिरहस्य' व कल्याणमल्लाचा 'अनंगरंग' यांनी ती वाट पुढे चालवली. वैद्यक आणि शृंगार यांची सरमिसळ होऊन अनेक नुस्खे एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेले ते याच मार्गाने.

चौथा प्रवाह प्रादेशिक आणि पंथीय वैद्यकाचा. राष्ट्रकूट काळातील जैन वैद्य उग्रादित्य याने 'कल्याणकारक' या ग्रंथात मांस, मद्य आणि मध वर्ज्य करून चिकित्सा मांडली, आणि मांसरसांवर व अंड्यांवर मोठ्या प्रमाणात विसंबलेले हे क्षेत्र वनस्पती, धान्ये आणि दूध यांच्या आधारेही उभे राहू शकते याचा दाखला दिला. कर्नाटकाशी निगडित असलेला हा संस्कृत ग्रंथ १९४० साली सोलापुरात छापून प्रसिद्ध झाला, हे कन्नड आणि मराठी मुलुखांच्या जुन्या देवाणघेवाणीला साजेसेच आहे. कर्नाटकातील नाटी वैद्य आणि महाराष्ट्रातील गावठी वैदू खाजकुयली, सराटे म्हणजे गोखरू, सफेद मुसळी आणि उडीद यांचा जो वापर करतात त्याचे मूळ कधी संहितेत, तर कधी केवळ अनुभवात सापडते. बाहेरून आलेल्या रोगांनीही या शास्त्राला नवी भर घालावयास लावली: सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'ने युरोपीयांबरोबर आलेल्या उपदंशासारख्या व्याधीला 'फिरंग' या नावाने नोंदवून तिच्यावर चोपचिनीचा उपाय सांगितला. नव्या व्याधीची नोंद घेऊन तिच्यावर उपाय शोधण्याची तयारी परंपरेतच होती, हे यावरून कळते.

४

मुद्रणकलेने हे ज्ञान वैद्यांच्या घरांतून बाहेर काढले, आणि त्या कामात मुंबई-पुणे यांचा वाटा फार मोठा आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने संहितांच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चरकसंहितेची १९४१ची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाती असते. पनवेलला १८७२ साली सुरू झालेल्या धूतपापेश्वरसारख्या कारखान्यांनी शास्त्रोक्त औषधे तयार स्वरूपात उपलब्ध केली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' लिहून मराठी घराघरांत आयुर्वेद नेला आणि त्यांच्याच पुढाकाराने १९०७ साली नाशिकला अखिल भारतीय वैद्य संमेलनाचा प्रारंभ झाला. पुढच्या वर्षी, १९०८ साली, म्हैसूरला संस्थानच्या आश्रयाने आयुर्वेदाचे शिक्षण सुरू झाले. अहमदनगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी महाविद्यालय काढले आणि 'औषधिगुणधर्मशास्त्र' रचले. शुद्ध आयुर्वेद शिकवावा की पाश्चात्य वैद्यकाशी मिश्रण करावे, हा विसाव्या शतकातील मोठा वाद याच पिढ्यांनी लढला, आणि आज महाविद्यालयांत शरीररचना व शरीरक्रिया आधुनिक पुस्तकांतून, तर निदान व चिकित्सा संहितांतून शिकवली जाते ती त्याच वादाची तडजोड होय.

याच काळात मराठीत कामजीवनाविषयी निर्भीड लेखन सुरू झाले, आणि त्याचा उगम वैद्यपरंपरेबाहेर होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले; वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मुंबईतच डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ साली 'मॅरेज हायजीन' हे नियतकालिक सुरू केले, पुढे डॉ. प्रकाश कोठारी यांनी के.ई.एम. रुग्णालयात लैंगिक वैद्यकाला स्थान मिळवून दिले आणि डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन' या पुस्तकाने असंख्य मराठी जोडप्यांना साध्या भाषेत माहिती दिली. या लेखकांना सतत झुंजावे लागले ते वीर्यनाशाच्या भयाशी.

त्या भयाला १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. लघवीवाटे, स्वप्नावस्थेत किंवा हस्तमैथुनाने 'धात' जाते आणि त्यामुळे अशक्तपणा, थकवा, उदासी व नपुंसकत्व येते, अशी दृढ समजूत घेऊन येणारा तरुण भारतीय उपखंडातील डॉक्टरांना परिचित आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही या अवस्थेची नोंद आहे. शुक्राला सातवा आणि सारभूत धातू मानणाऱ्या विचारातून या भयाला बळ मिळाले हे खरे; पण संहितांनी ज्याला शुक्रमेह म्हटले तो प्रमेहाचा एक प्रकार असून त्याची निश्चित लक्षणे दिलेली आहेत, आणि स्वप्नदोष किंवा हस्तमैथुन यांनी निरोगी तरुण नष्ट होतो असे आजचे वैद्यक मानत नाही. अशा रुग्णाला बहुतेक वेळा गरज असते ती माहितीची, दिलाशाची आणि उदासीनता वा चिंताविकार असल्यास त्याच्या उपचाराची. 'निम्हान्स'सारख्या संस्थेच्या आवारात आयुर्वेदीय संशोधन चालते, याचे महत्त्व या संदर्भात विशेष आहे. सुश्रुताने क्लैब्याचा पहिला प्रकार मानस मानला तो विचार आज मानसोपचाराशी बोलणी करू शकतो.

५

हा विषय आजच इतका महत्त्वाचा का, याचे पहिले उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. ताठरतेचा दोष हा पुष्कळदा मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धमन्यांचा काठिण्यविकार यांचा पूर्वसूचक असतो, कारण शिश्नातील धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने रक्तप्रवाहातील अडथळा तेथे आधी जाणवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची पाहणी होऊन १९९४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा दोष आढळला होता. मधुमेहाने ग्रासलेल्या आपल्या शहरांत पन्नाशीतला पुरुष ही तक्रार लपवून गुपचूप गोळ्या घेत राहिला, तर त्याच्या हृदयविकाराचे निदान लांबणीवर पडते. वंध्यत्वाच्या बाबतीतही असेच आहे: मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो, तरी तपासण्या आणि बोल यांची सुरुवात पत्नीपासून होते. वीर्यतपासणी ही स्वस्त आणि सोपी चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा मानली जाते, आणि ती चाचणी केल्यावाचून शुक्रवर्धक औषधे देण्यास कोणत्याही पद्धतीत समर्थन नाही.

दुसरे उत्तर पुराव्याचे. अश्वगंधेचा या क्षेत्रातील अभ्यास उद्‌बोधक आहे. शुक्राणू कमी असलेल्या ४६ पुरुषांवर मुंबईत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज ६७५ मिलिग्रॅम मुळाचा अर्क ९० दिवस घेणाऱ्या गटात शुक्राणूंची संख्या लक्षणीय वाढल्याचे आढळले. उलट मनोजन्य ताठरता-दोष असलेल्या रुग्णांवर जामनगरला झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अश्वगंधेने निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक गुण दिला नाही. पहिली चाचणी लहान होती, आणि तिचे निष्कर्ष मोठ्या संख्येवर पडताळून पाहणे आवश्यक आहे. पण दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे शार्ङ्गधराचा विवेक आठवतो, कारण शुक्र वाढवणारे द्रव्य भयावर किंवा अविश्वासावर उपाय ठरेलच असे त्याने कोठे म्हटलेले नाही. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा हे मेंदूवर काम करणारे द्रव्य नैसर्गिकरीत्या असते. म्हणजे तिचा परिणाम खरा आहे आणि म्हणूनच तिची मात्रा व इतर औषधांशी होणारा तिचा संयोग यांचा विचार करावा लागतो. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. वनस्पतीचे औषध निरुपद्रवी असते हा समज टाकून दिल्यावाचून तिच्या गुणांचाही गंभीर अभ्यास होणार नाही.

तिसरे उत्तर फसवणुकीचे. २०२५च्या अखेरीस बेंगळुरूच्या पोलिसांकडे आलेल्या एका तक्रारीत, रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूपासून सुरू झालेल्या लैंगिक तक्रारींवरील उपचारांपायी सुमारे ४८ लाख रुपये गेल्याचे आणि मूत्रपिंडांना इजा झाल्याचे एका तरुण संगणक अभियंत्याने म्हटले होते. रक्कम मोठी असल्याने हे प्रकरण वृत्तपत्रांत आले; लहान रकमांना फसलेले पुरुष लाजेपोटी गप्प बसतात आणि त्या मौनावरच हा धंदा पोसला जातो. १९५४चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा कामसुखाची क्षमता टिकवण्याच्या वा वाढवण्याच्या दाव्यांच्या जाहिरातींना बंदी करतो, आणि पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगतो. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा काही भाग रद्द केला, तरी त्याचा गाभा उचलून धरला. हा कायदा उपचाराला मनाई करीत नाही, जाहिरातीला करतो, हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि ती आयुर्वेदीय दवाखान्यांनाही लागू आहे. भिंतीवर नोंदणीचा क्रमांक नसलेल्या जागी उपचार घेणे म्हणजे कायद्याचे संरक्षण आपण होऊन सोडून देणे होय.

भेसळीचा धोका यांहून सूक्ष्म आहे. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मिसळले गेल्याचे अनेक देशांच्या औषधनियंत्रकांना वारंवार आढळले आहे. छातीतील कळेसाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात ते नकळत गेले, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. धातुयुक्त औषधांची कथाही अशीच आहे: बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि शास्त्रोक्त भस्म व निष्काळजीपणे बनवलेले चूर्ण यांतला फरक सिद्ध करण्याची जबाबदारी तेव्हापासून आयुर्वेदाच्या समर्थकांवर आली. आपल्या औषध-नियमांतही विषारी द्रव्यांची स्वतंत्र यादी आहे, आणि ती द्रव्ये असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे.

६

प्रस्तुत ग्रंथाचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. संहितांतील उतारे त्यात मूळ संदर्भासह आणि अर्थासह दिले आहेत, टीकाकारांचे मतभेद लपवलेले नाहीत, आणि प्रत्येक तक्रारीपुढे आयुर्वेदीय निदान व आधुनिक निदान शेजारी ठेवले आहे, म्हणजे दोन्ही कोठे जुळतात आणि कोठे वेगळी वाट धरतात हे वाचकाला स्वतः पाहता येईल. एखाद्या द्रव्याविषयी चाचण्या असतील तेथे त्या कशा झाल्या हे सांगितले आहे, आणि नसतील तेथे परंपरेचा दाखला हा परंपरेचा दाखला म्हणूनच नोंदवला आहे. बेंगळुरूचे उदाहरण वारंवार येते, तरी मुंबई, पुणे, नागपूर वा बेळगाव येथील वाचकाला त्यात आपल्याच गावाचे चित्र दिसेल. ग्रंथात नुस्ख्यांची यादी नाही. मात्रा आणि अनुपान यांचा तपशील जाणूनबुजून वगळला आहे, कारण वाचून घेतलेले औषध हा या क्षेत्रातील जुना आजार आहे.

हा ग्रंथ तीन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून सिद्ध केला आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला तो आठवण करून देईल की, वाजीकरण हे आपल्या शास्त्राचे अंग आहे आणि त्याला बाजाराच्या हवाली करणे हा त्या शास्त्राचाच अपमान आहे. सामान्य डॉक्टरला तो सांगेल की, समोरचा रुग्ण 'धात' म्हणतो तेव्हा हसून किंवा रागावून त्याला वाटेला लावण्याऐवजी त्या समजुतीचा उगम जाणून घेणे उपचाराचाच भाग आहे. आणि ज्याला स्वतःची अडचण आहे अशा वाचकाला तो प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि उत्तर पारखण्याची साधने देईल. स्त्री-वाचकही त्यात अभिप्रेत आहे, कारण संहितांनी जिला विषय मानले ती आज या निर्णयांत बरोबरीची वाटेकरी आहे आणि पुष्कळ घरांत दवाखान्याची पायरी चढण्याचा आग्रह तिचाच असतो.

दोन हजार वर्षांच्या या विचारातून एक निष्कर्ष निर्विवादपणे निघतो: कारण कळल्यावाचून औषध नाही. चरकाने कारणांची यादी दिली, सुश्रुताने साध्य-असाध्याचा विवेक सांगितला, शार्ङ्गधराने द्रव्यांची कामे वेगळी केली, आणि आधुनिक वैद्यकाने साखर, रक्तदाब, वीर्य व मन यांच्या तपासण्या हाती दिल्या. यांपैकी काहीही न विचारता पहिल्याच भेटीत पुडी पुढे करणारा माणूस कोणत्याही परंपरेचा वारस नाही. म्हणून वाचकाने हा ग्रंथ वाचून औषध ठरवू नये. नोंदणीकृत वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावे, आपली तक्रार संकोच न करता स्पष्ट शब्दांत सांगावी, चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या आजाराचे नाव विचारावे.